रिकामा रस्ता आणि ‘थांबा’चा फलक

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील ऊसउत्पादक तालुके होत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथील शेती फुलली; माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या समृद्धीबरोबरच रस्त्यांवरील वाहतूकही वाढली. बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या गावांवरून इंदापूरकडे जाताना दोन्ही बाजूंनी वाड्या-वस्त्यांचे आणि शिवाराचे असंख्य जोडरस्ते येऊन मिळतात. जोडरस्ता जेथे मुख्य रस्त्यास मिळतो, तेथे ‘थांबा’ हा फलक असेल आणि दोन्हीकडे एकही वाहन दिसत नसेल, तर वाहन पूर्णपणे थांबविलेच पाहिजे काय? ‘गाडी हळू केली की झाले’ असे अनेक चालक मानतात. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा हा अष्टकोनी फलक आदेशात्मक चिन्हांच्या वर्गात मोडतो. अशा चिन्हाने दर्शविलेल्या आदेशानुसारच वाहन चालविले पाहिजे, असे बंधन मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ अन्वये प्रत्येक चालकावर आहे. रस्ता रिकामा असल्यास सवलत, असा अपवाद त्यात नाही. २०१९ च्या सुधारणेने तर ‘थांबा’ चिन्हाचे उल्लंघन हे कलम १८४ खालील धोकादायक वाहनचालनाच्या स्पष्टीकरणात नमूद केले आहे. या कलमाखाली पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

‘रस्ता द्या’ हे उलट्या त्रिकोणाचे चिन्ह मात्र वेगळे आहे. तेथे मुख्य रस्त्यावरील वाहनास अग्रक्रम द्यावयाचा असतो. कोणी येत नसेल तर न थांबता पुढे जाता येते. दोन वेगवेगळी चिन्हे असण्याचे कारणच हे की, काही ठिकाणी वेग कमी करणे पुरेसे असते आणि काही ठिकाणी ते पुरेसे नसते.

थांबल्याशिवाय दिसत नाही

वेग कमी करणे का पुरेसे नसते, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी १० किलोमीटर हा वेग अगदी मंद वाटतो. तरी त्या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर पुढे सरकते. चालकाने एक सेकंद उजवीकडे व एक सेकंद डावीकडे पाहिले, तर तेवढ्या अवधीत वाहन साडेपाच मीटर पुढे गेलेले असते. म्हणजेच पांढरी रेषा ओलांडून ते मुख्य रस्त्यावर पोहोचलेले असते. धोका दिसेपर्यंत तो टाळण्याची जागा उरत नाही.

येथे उसाचाही विचार केला पाहिजे. वाढलेला ऊस माणसाच्या उंचीहून कितीतरी उंच असतो. तो रस्त्याच्या कडेपर्यंत आला की कोपऱ्यावरून येणारे वाहन दृष्टीआड होते. अशा जागी ‘रस्ता रिकामा आहे’ हे चालकाने पाहिलेले नसते. ते त्याने गृहीत धरलेले असते. रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड दिसत नाही म्हणून रस्ता मोकळा मानणेही तितकेच चुकीचे आहे. ऊस वाहणारी बैलगाडी, सायकलस्वार किंवा आषाढात पहाटे चालणारा वारकरी यांच्यापाशी दिवा असतोच असे नाही.

‘थांबून पुन्हा निघण्यास अधिक वेळ लागतो, त्यापेक्षा चालत्या गाडीने पटकन पार व्हावे,’ असा एक युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जागेवरून निघून रस्ता ओलांडण्यास १२ सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे २७० मीटर अंतर कापते. परंतु यावरून थांबू नये असे सिद्ध होत नाही. उलट, निघण्यापूर्वी दोन्हीकडे तेवढे अंतर स्वच्छ दिसले पाहिजे, हेच सिद्ध होते. आणि ते थांबूनच पाहता येते. रेषेपाशी थांबूनही दिसत नसेल, तर हळूहळू पुढे सरकून मुख्य रस्त्याच्या अलीकडे पुन्हा थांबावे व मगच निघावे.

पाटस, बारामती, इंदापूरमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो आणि जोडरस्त्यावरून येणाऱ्याची जबाबदारीही वाढते.

गावाचे कर्तव्य

केवळ चालकास दोष देऊन भागणार नाही. फलक झुडपांत झाकला गेला किंवा पांढरी रेषा पुसली गेली, तर आदेश चालकापर्यंत पोहोचतच नाही. गरज नसता जागोजागी ‘थांबा’चे फलक उभारल्यास त्यांचा मानही राहत नाही. म्हणून पंचायत सदस्यांनी गळीत हंगामापूर्वी गावातील जोडरस्त्यांची पाहणी करावी. कोपऱ्यावरील झुडपे काढावीत. शेतकऱ्यांस विनंती करून वळणापाशी उसाचे काही सरे सोडण्याचा प्रयत्न करावा. आणि फलक व रेषा यांसाठी संबंधित रस्ता ज्या यंत्रणेकडे असेल, त्या जिल्हा परिषदेकडे, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे ठरावासह मागणी करावी. शिक्षकांना वरील हिशेब गणिताच्या तासाला सहज सोडवून घेता येईल. तो मुलांच्या तोंडून घरी गेला, तर ट्रॅक्टर चालविणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंत नक्की पोहोचेल.

रस्ता रिकामा आहे म्हणून थांबावयाचे नाही, हा विचार मुळातच उलटा आहे. रस्ता रिकामा आहे की नाही, हे कळण्यासाठीच थांबावयाचे असते.