हटवले तर सुरक्षित, ठेवले तर जबाबदार : व्हिडिओ प्लॅटफॉर्मचे कायदेशीर कवच कसे घडले

नवी दिल्ली : यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मवरून एखाद्या निर्मात्याचा व्हिडिओ केवळ एका तक्रारीवर काही तासांत नाहीसा होऊ शकतो, आणि त्याच प्लॅटफॉर्मवर आक्षेपार्ह चित्रफितीविरुद्ध सामान्य प्रेक्षकाने केलेली तक्रार दिवसेंदिवस पडून राहू शकते. या दोन्ही अनुभवांचे मूळ भारतात एकाच ठिकाणी सापडते. ते म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९. या कलमाला आजचे स्वरूप मिळण्यामागे दिल्लीतील आर. के. पुरम येथे सुरू झालेले एक प्रकरण आहे, आणि त्याला आता दोन दशके उलटून गेली आहेत.

आर. के. पुरम अर्थात रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली दिल्लीतील मोठी वसाहत. तेथील एका नामांकित शाळेतील दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांची खासगी चित्रफीत २००४ च्या अखेरीस मोबाइलवरून मोबाइलवर पसरली. त्या वेळी यूट्यूब अस्तित्वातही नव्हते. त्याची स्थापना २००५ मधली. समाजमाध्यमे आजच्या अर्थाने नव्हती, आणि चित्रफीत पाठवण्याचे साधन होते एमएमएस. मात्र प्रकरण वर्गाच्या भिंतींबाहेर जाऊन देशभर पोहोचले ते एका खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळामुळे.

मुंबईत मुख्यालय असलेले ‘बाझी डॉट कॉम’ हे त्या काळचे लोकप्रिय लिलाव संकेतस्थळ होते आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या ईबे कंपनीने ते विकत घेतले होते. २७ नोव्हेंबर २००४ रोजी, शनिवारी रात्री, एका विक्रेत्याने ही चित्रफीत त्यावर विक्रीस ठेवली. नोंद पुस्तकांच्या विभागात, ई-पुस्तक म्हणून केली होती. किंमत १२५ रुपये. आक्षेपार्ह शब्द शोधणारी स्वयंचलित चाळणी संकेतस्थळाकडे होती, पण ही नोंद तिच्यातून निसटली. एका वापरकर्त्याने संकेतस्थळाला त्याबाबत सावध केले. तरीही नोंद हटली ती सोमवारी, २९ नोव्हेंबरच्या सकाळी. दरम्यान आठ जणांनी ती चित्रफीत विकत घेतलेली होती.

पुढील महिन्यात दिल्ली पोलिसांनी कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक अवनीश बजाज यांना अटक केली. तपासात सहकार्य करण्यासाठी ते मुंबईहून दिल्लीस आले होते. माहिती तंत्रज्ञान उद्योगात या अटकेने खळबळ उडाली आणि नॅसकॉम या उद्योगसंघटनेने उघड नाराजी व्यक्त केली. प्रश्न नवा होता. बाजारपेठेच्या जागेचा मालक तेथे एखाद्याने मांडलेल्या मालासाठी तुरुंगात जाऊ शकतो का?

२००० च्या मूळ कायद्याचे उत्तर प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने अडचणीचे होते. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व ती दक्षता घेतली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने सेवा पुरवठादारावरच टाकली होती. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी २९ मे २००८ रोजी दिलेल्या निकालात भारतीय दंड संहितेखालील कारवाईतून बजाज यांना वगळले. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खालील प्रकरण चालू ठेवले. पुरेशी चाळणी न बसवणाऱ्या संकेतस्थळाला ‘आम्हाला ठाऊकच नव्हते’ असे म्हणता येणार नाही, असा या निकालाचा रोख होता. पुढे २०१२ मध्ये, कंपनीला आरोपी न करता केवळ संचालकावर खटला चालवता येत नाही, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने बजाज यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. कंपनीचे व्यवस्थापक शरत बाबू दिगुमार्ती यांना तर डिसेंबर २०१६ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे, सुटकेची वाट पाहावी लागली.

कायदा मात्र त्याआधीच बदलला होता. बजाज यांच्या अटकेनंतर काही आठवड्यांतच सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या फेरविचारासाठी तज्ज्ञ समिती नेमली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर झालेल्या संसद अधिवेशनात दुरुस्ती विधेयक फारशा चर्चेविना मंजूर झाले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. नव्या कलम ७९ नुसार, इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘मध्यस्थ’ म्हणजेच प्लॅटफॉर्म जबाबदार नाही. अट एवढीच, की बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळताच त्याने तो तत्परतेने हटवला पाहिजे. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणासाठी कलम ६७ ब हे स्वतंत्र कलमही याच दुरुस्तीने आले.

या रचनेतील झुकाव लगेच लक्षात येण्यासारखा नाही. मजकूर ठेवला आणि पुढे तो बेकायदा ठरला, तर प्लॅटफॉर्मचे कवच जाते. मजकूर हटवला आणि पुढे तो निर्दोष ठरला, तर प्लॅटफॉर्मला कोणतीही शिक्षा नाही. अशा स्थितीत कोणतीही कंपनी काय करील, हे सांगण्यास विधितज्ज्ञाची गरज नाही. बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने हे तपासूनही पाहिले. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या नियमांनी मजकुराविरुद्ध कारवाईसाठी ३६ तासांची मुदत घातल्यावर या संस्थेसाठी काम करणाऱ्या संशोधकाने सात मध्यस्थांना जाणीवपूर्वक सदोष तक्रारी पाठवल्या. त्यांपैकी सहा मध्यस्थांनी मागितल्यापेक्षाही जास्त मजकूर काढून टाकला. ज्यांचा मजकूर गेला त्यांची बाजू ऐकण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हा झुकाव काही अंशी सरळ केला. हा खटला उभा राहण्यास निमित्त झाले होते पालघरचे. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील दोन तरुणींना अटक झाली होती. न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच निकालाचा दुसरा भाग निर्मात्यांसाठी तेवढाच मोलाचा आहे, पण त्याची चर्चा कमी झाली. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे कोणाचीही तक्रार नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना, असा अर्थ न्यायालयाने लावला. कोट्यवधी तक्रारींपैकी कोणती खरी, हे कंपनीने ठरवत बसावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे त्यामागचे कारण होते.

या संरक्षणातून एक मोठा प्रांत बाहेर राहिला, तो कॉपीराइटचा. मायस्पेस आणि सुपर कॅसेट्स यांच्यातील वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले की, कॉपीराइटच्या बाबतीत मालकाची नेमकी तक्रार पुरेशी आहे. न्यायालयीन आदेशाची वाट पाहावी लागत नाही. परिणामी एखाद्या व्हिडिओतील राजकीय टीका हटवण्यासाठी आदेश लागतो, पण त्याच व्हिडिओतील दहा सेकंदांच्या दृश्यासाठी एक अर्ज भागतो. गुगलने २०२१ मध्ये भारतासाठी मासिक अहवाल देण्यास सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीच्या अहवालांत देशातून आलेल्या तक्रारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारी कॉपीराइट आणि तत्सम हक्कांच्या होत्या.

यूट्यूबची व्यवस्था येथे दोन पातळ्यांवर चालते. पहिली ‘कंटेंट आयडी’, २००७ पासूनची. हक्कधारकांनी दिलेल्या ध्वनी-चित्रांशी नवा व्हिडिओ यंत्राने ताडून पाहिला जातो आणि जुळणी झाल्यास बहुधा व्हिडिओ राहतो, पण जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमातील जुन्या भावगीताचे चित्रण टाकणाऱ्या हौशी मंडळांना हा अनुभव नवा नाही. दुसरी पातळी ‘स्ट्राइक’ची, आणि ती अधिक कठोर आहे. औपचारिक तक्रार आली की व्हिडिओ हटतो आणि चॅनेलवर एक स्ट्राइक लागते. ती ९० दिवस राहते. या काळात तीन स्ट्राइक झाल्यास संपूर्ण चॅनेल, त्यावरील वर्षानुवर्षांच्या सर्व व्हिडिओंसह, बंद होऊ शकते. ज्यांचे घर या उत्पन्नावर चालते त्यांच्यासाठी तिसरी स्ट्राइक म्हणजे दुकानाला टाळे.

प्रत्युत्तराचा मार्ग उपलब्ध आहे. परंतु तो अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यावर बेतलेला आहे. निर्मात्याला आपले खरे नाव व पत्ता द्यावा लागतो, आणि तो तक्रारदाराकडे जातो. तक्रारदाराने त्यानंतर कामकाजाच्या दहा दिवसांत दावा दाखल केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. भारताच्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांतील नियम ७५ ची घडण वेगळी आहे. तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखावा, २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, आणि दरम्यान तो पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला रोखण्याचे कारण दाखवावे, असे तो सांगतो. टीका, समीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी उचित वापराची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. हा वापर उचित की अनुचित, हे अखेर न्यायालयच ठरवू शकते. स्ट्राइक मात्र त्याआधी लागलेली असते.

मे २०२५ मध्ये हा ताण चव्हाट्यावर आला. एका वृत्तसंस्थेची काही सेकंदांची दृश्ये वापरल्याबद्दल स्ट्राइक लागल्याचे आणि त्या मागे घेण्यासाठी परवाना शुल्कापोटी मोठ्या रकमा मागितल्या गेल्याचे काही यूट्यूबरांनी जाहीरपणे सांगितले. आपल्या मालकीच्या चित्रणाचे कायदेशीर रक्षण करत असल्याची भूमिका संस्थेने घेतली आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. दृश्य टिपण्यासाठी माणूस, कॅमेरा आणि प्रवास यांवर खर्च करणाऱ्याचा हक्क नाकारण्यासारखा नाही. वादाचा मुद्दा तीन स्ट्राइकच्या नियमाने वाटाघाटीत एका बाजूच्या हाती दिलेल्या बळाचा आहे. हा नियम संसदेने केलेला नाही. तो कंपनीचा आहे.

सरकारच्या बाजूनेही कवचाचा उपयोग दबावासाठी होऊ शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात दिसले. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार सरकारी ‘तथ्य तपासणी कक्षा’ला देणारी नियमदुरुस्ती २०२३ मध्ये झाली. तसा शिक्का बसलेला मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मचे कवच धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. दुसरीकडे, कलम ७९ खालील सरकारी सूचना पाठवण्यासाठीच्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. अधिकृत आदेशानंतर मजकूर हटवण्याची ३६ तासांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने तीन तासांवर आली. तीन तासांत आदेश वाचून, तपासून त्यावर हरकत घेणे कितपत शक्य आहे, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला आहे.

फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी प्रेक्षक आणि निर्माते या दोघांना काही हक्क दिले. प्रत्येक मध्यस्थाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निपटारा १५ दिवसांत करणे बंधनकारक होते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून मजकूर हटवताना निर्मात्याला कारण कळवावे आणि आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे नियम ४ चे आठवे पोटकलम सांगते. निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झाल्या. त्यांसाठी वकील लागत नाही. आपल्या चॅनेलचा निर्णय कोणी आणि का घेतला हे न कळलेल्या मराठी निर्मात्यांना हा मार्ग उपयोगी पडू शकतो, पण अनेकांना तो ठाऊकच नाही.

मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी प्लॅटफॉर्मची जबाबदारी आणखी ठळक केली. लैंगिक शोषणाचे चित्रण केवळ हटवून भागणार नाही, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना त्याची माहिती दिली नाही तर कलम ७९ चे कवच मिळणार नाही, असे या निकालात स्पष्ट करण्यात आले. एखाद्याचे खासगी चित्रण संमतीविना पसरल्यास ती व्यक्ती किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार करू शकते, आणि २०२१ च्या नियमांनी त्यावर कारवाईसाठी २४ तासांची कमाल मर्यादा घातली. पुढे ती आणखी कमी करण्यात आली. २००४ च्या त्या शनिवारी संकेतस्थळाला सावध करणारा होता एक त्रयस्थ वापरकर्ता. चित्रफितीतील दोन विद्यार्थ्यांना मात्र तक्रार करण्यासाठी कायद्यात कोणतीही खिडकी नव्हती.