एकाचा भाव

सकाळी ९.४५ : निफाड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. वेफर्सची रिकामी पाकिटं पिशवीत आहेत. पाकिटावर किमतीजवळ प्रतिग्रॅम दरही छापलेला असतो. आजचं उत्तरच तिथे आहे, म्हणून काळ्या मार्करने तो झाकते.

१०.३० : परिपाठ, मग हजेरी. सहावी ते आठवीची ६४ मुलं आलीत. पोषण आहारात त्यांना डोई १५० ग्रॅम तांदूळ, पाचवीपर्यंतच्यांना १००. आमचे ९ किलो ६०० ग्रॅम होतात. हिशेब मुलंच करतात, मी फक्त वहीत उतरवते. काट्यावर मोजून तांदूळ मावशींच्या हवाली.

११.१५ : सहावी, एकमान पद्धत. १० रुपयांचं पाकीट ५० ग्रॅमचं, ३० रुपयांचं १२० ग्रॅमचं. स्वस्त कोणतं? ‘मोठं!’ सगळा वर्ग एका सुरात. करा भागाकार. ३० भागिले १२०, म्हणजे ग्रॅमला २५ पैसे. लहान पाकिटात २० पैसे. वर्ग गप्प. तेवढ्यात एकीने उलटा भाग दिला: रुपयाला ४ ग्रॅम आणि ५ ग्रॅम. ‘बाई, माझं चुकलं?’ अजिबात नाही. पण आता मोठा आकडा फायद्याचा, मघाशी लहान आकडा होता. खरी गोची इथेच होते. मुलं भागाकार बिनचूक करतात आणि उत्तर कशाचं आहे ते विसरतात. म्हणून नुसतं ‘४’ मी स्वीकारत नाही. चार काय? कशामागे? हे दोन प्रश्न विचारून मी मुलांना वैताग आणते, आणावाच लागतो. तास यातच संपला.

१.३० : खिचडी.

२.१५ : सातवी. लिलावात कांद्याला क्विंटलला १८५० रुपये मिळाले, तर किलोला साडेअठरा. हे यांना वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसूनच पाठ झालेलं. मग माझा सापळा: एक शर्ट उन्हात दोन तासांत वाळतो, पाच शर्ट? ‘दहा तास!’ मागच्या बाकावरून शांतपणे, ‘दोरी पुरली तर दोनच.’

४.०० : वह्या तपासणं. ७ किलो कांदे १०० रुपयांना, तर २१ किलो? बहुतेकांनी एका किलोचे १४.२८ काढून २९९.८८ आणलेत; पुस्तकाची पायरी इमानदारीने पाळली, वर बारा पैसे गमावले. एकाने एकच ओळ लिहिली: तिप्पट कांदे, ३०० रुपये. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’तलं त्रैराशिकही आधी गुणतं, मग भागतं. एकाचा भाव काढायला शिकवावं, पण सक्ती करू नये. ज्याने तो काढलाच नाही, त्याला माझ्याकडे पूर्ण गुण.