घरचे चित्रगृह आणि लावलेला आवाज

गवई मैफलीला बसला म्हणजे प्रथम तंबोरे जुळवून घेतो. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला सुरात आणतो. हा वेळ फुकट गेला असे कोणीही श्रोता म्हणत नाही. वाद्य कितीही उत्तम असले तरी ते लावल्यावाचून गोड वाजत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु हाच श्रोता दुकानातून पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक रिसीव्हर घरी आणतो, तारा जोडतो, कळ दाबतो आणि आवाज निघाला म्हणजे काम झाले असे समजतो. पुढे महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पडद्यावर स्फोट होतो आणि खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड दार ठोठावते. घरातील वडीलधारी मंडळी ‘काय बोलतात ते काही कळत नाही’ असे म्हणून आतल्या खोलीत निघून जातात. यात दोष बहुधा यंत्राचा नसतो. ते लावलेले नसते, इतकेच. ते कसे लावावे, आणि प्रत्येक मांडणीमागे कारण काय, हा आजचा विषय आहे.

प्रथम कानाचा विचार करू. महात्मा फुले मंडईच्या मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली क्षणभर डोळे मिटून उभे राहावे. कोथिंबिरीची हाक डावीकडून आली, कांदे उजवीकडच्या तराजूत पडले, आणि पाटी घेतलेला हमाल मागून येत आहे, हे न पाहताच कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानावर आधी आणि उजव्या कानावर किंचित उशिरा पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. शिवाय डोके आड आल्यामुळे दूरच्या कानाला तो थोडा मंद लागतो. कानाच्या पाळीच्या घडणीमुळे पुढचे आणि मागचे वेगळे ओळखता येते. एवढ्या सूक्ष्म खुणांवरून मेंदू दिशा ठरवितो. सराउंड साउंडची सारी किमया ह्याच खुणांवर उभारलेली आहे. म्हणून त्या बिघडल्या की किमयाही बिघडते.

ह्या मंडईच्या परिसराला चित्रपटाच्या आवाजाचा इतिहास काही परका नाही. 1915 साली येथे आर्यन थिएटर सुरू झाले, तेव्हा चित्रे मुकी होती. 1932 साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि पुढल्याच वर्षी ती कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. त्या काळी सगळा आवाज पडद्यामागून, एकाच मार्गाने येई. 1975 साली ‘शोले’ 70 मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजासह आला. 1992 साली ‘बॅटमन रिटर्न्स’ ह्या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रगृहांत आली. तिच्यात सहा स्वतंत्र मार्ग असतात: समोर डावा, मधला आणि उजवा; बाजूंना दोन; आणि केवळ खर्जाच्या गडगडाटासाठी एक. हा सहावा मार्ग सुमारे 120 हर्ट्झपर्यंतचेच स्वर वाहतो, म्हणून त्याला पूर्ण न मोजता ‘पाच दशांश एक’ असे म्हणतात. आज मंडईपासून चालत तपकीर गल्लीत गेले, तर हीच पद्धत खोक्यात बांधून मिळते. खोक्यातून एक गोष्ट मात्र येत नाही. ती म्हणजे आपली खोली.

तेव्हा पहिली मांडणी रिमोटवर नव्हे, खोलीत करावयाची. मधला स्पीकर टीव्हीच्या लगत, शक्य तो कानाच्या उंचीच्या जवळ ठेवावा. डावा आणि उजवा असे ठेवावेत की बैठकीपासून पाहता प्रत्येक जण मध्यरेषेशी सुमारे 30 अंशांचा कोन करील. बाजूचे दोन स्पीकर बैठकीच्या दोहो अंगांस किंचित मागे, सुमारे 110 अंशांवर आणि कानापेक्षा थोडे उंच असावेत. बैठक मागल्या भिंतीला अगदी चिकटवू नये, कारण तेथे खर्ज उगाच फुगतो. उघड्या फरशीवर आणि कोऱ्या भिंतींवर आवाज आपटून परत येतो व शब्द पुसट करतो. एक जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट ह्यांनी जे साधते, ते पुष्कळदा महागड्या यंत्रानेही साधत नाही. तारा जोडताना तांबडे टोक तांबड्याला आणि काळे काळ्याला लागले आहे ना, हे प्रत्येक स्पीकरवर तपासावे. एकाच्या तारा उलट्या लागल्या तरी आवाज पोकळ आणि दिशाहीन होतो.

आता रिसीव्हरचा मेनू उघडावा. बहुतेक रिसीव्हरबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. तो हातात धरू नये किंवा गादीवर टाकू नये. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर तिवईवर ठेवावा. खिडक्या लावाव्यात आणि उन्हाळ्याचे दिवस असले तरी पाच मिनिटे पंखा बंद ठेवावा. यंत्र आपण होऊन मोजमाप घेते. तथापि त्याने मांडलेला हिशेब आपण एकदा तपासलाच पाहिजे, आणि त्यासाठी तीन कलमे समजली म्हणजे पुरे.

पहिले कलम स्पीकरच्या आकाराचे. येथे ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ असे पर्याय असतात, आणि पैसे मोजलेल्या गृहस्थाला आपले स्पीकर ‘स्मॉल’ म्हणविणे रुचत नाही. परंतु ह्या शब्दाचा अर्थ इतकाच, की खर्जाचे ओझे ह्या स्पीकरवर न टाकता सबवूफरकडे पाठवावे. सबवूफर असलेल्या बहुतेक घरांत हेच योग्य. कोणत्या स्वरापासून खाली पाठवावे, ह्या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात. 80 हर्ट्झ ही सर्वसाधारण चांगली सीमा. कारण त्याखालील स्वर कोणत्या दिशेने आले हे कानाला सहसा ओळखता येत नाही. वीतभर उंचीचे स्पीकर असतील तर ती 120 किंवा 150 पर्यंत न्यावी लागते.

दुसरे कलम अंतराचे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. समोरचा स्पीकर नऊ फुटांवर आणि बाजूचा तीन फुटांवर असला, तर बाजूचा आवाज पाचएक सहस्रांश सेकंद आधी पोचतो. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण कानाचा एक कायदा आहे. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचेल त्याच दिशेला आवाज आहे असे कान मानतो. हेल्मुट हास ह्या जर्मन संशोधकाने 1951 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. म्हणून प्रत्येक स्पीकरपासून बैठकीपर्यंतचे अंतर टेपने मोजून मेनूत भरावे. यंत्र जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थोपवून धरते. सबवूफरचे अंतर मात्र स्वयंचलित मोजणीत खऱ्याहून अधिक दिसते. त्याच्या आतल्या जुळणीत लागणारा वेळही त्यात धरलेला असतो, म्हणून तो आकडा दुरुस्त करू नये.

तिसरे कलम पातळीचे. मेनूतील टेस्ट टोन लावला, की एकेका स्पीकरमधून सारखी खरखर ऐकू येते. बैठकीवर आवाजमापक किंवा मोबाइलवरील मापक धरावा आणि प्रत्येकाची पातळी सारखी, रूढीप्रमाणे 75 डेसिबल, करावी. मोबाइलचा आकडा अचूक नसेल. पण पाचही जण सारखे झाले की आपले काम झाले. पैसे दिले म्हणून मागचे स्पीकर सतत ऐकू आलेच पाहिजेत, हा हट्ट सोडावा. मागे पाऊस पडत असेल तेव्हाच मागून पाऊस यावा.

इतके करूनही संवाद पुसट राहिले तर? त्याचे कारण चित्रगृह आणि घर ह्यांतील फरकात आहे. चित्रपटाचा आवाज मोठ्या सभागृहासाठी बांधलेला असतो. तेथे एका मार्गाचा कळस 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. घरी आपण सारेच वीस-पंचवीस डेसिबल खाली आणतो. स्फोट तरीही स्फोटच राहतो, पण कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडून जाते. ह्यावर दोन उपाय आहेत. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी, कारण बहुतेक संवाद तेथूनच येतात. दुसरा उपाय ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ ह्या नावाने सापडतो. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान वर उचलतो. दर्दी मंडळी त्याला नाके मुरडतात. परंतु घरात कोणाचे कान थकले असतील, तर ह्या एका कळीने त्यांची बैठकीतली जागा त्यांना परत मिळते.

शेजाऱ्यांचाही विचार ह्यात आला. शनिवार-शुक्रवार पेठांत जुने वाडे जाऊन त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आहेत, आणि तेथे माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. खर्जाचा आवाज भिंत सहज ओलांडतो. शब्द अडतो, धडधड जाते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. तेव्हा दहाच्या पुढे सबवूफर पाच-सहा डेसिबल उतरवावा. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर अधिक घुमतो. तो कोपऱ्यातून बाहेर ओढला तरी पुष्कळ फरक पडतो.

शेवटी एक विवेक. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला सहा वाटा देण्याची गरज नसते. नाट्यसंगीताचे स्टिरिओ मुद्रण ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’वरच ऐकावे. 1936 सालचा ‘संत तुकाराम’ एकाच मार्गाचा आहे. त्याचा अभंग पडद्यातूनच यावा. त्याला ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ लावणे म्हणजे देहूच्या माणसाला क्रिकेटच्या मैदानात उभे करणे होय.

सर्व मांडणी झाली की परीक्षा सोपी आहे. दोन माणसे हलक्या आवाजात बोलत आहेत असा प्रसंग लावावा आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला मधोमध बसवावे. तिने ‘काय म्हणाला?’ असे न विचारता प्रसंग पाहिला, तर वाद्य लागले असे समजावे. मग सारे आकडे एका कागदावर टिपून रिसीव्हरखाली ठेवावेत. आणि सोफा हलला किंवा घर बदलले, की तंबोऱ्याप्रमाणेच ते पुन्हा लावण्याचा कंटाळा करू नये.