पिशवी-खोक्यात आंब्याचा गर भरण्याचे यंत्र

हापूस आंब्याचा हंगाम थोडा आणि घाईचा असतो. एप्रिल-मेमध्ये बहुतेक माल एकदम तयार होतो, व लहान, डागी किंवा उशिरा उतरलेला आंबा कॅनिंगच्या भावाने द्यावा लागतो. हाच आंबा घेऊन बागायतदारांच्या संघाने स्वतः गर काढावयाचे ठरविले, तर खरी अडचण गर काढण्याची नसून तो टिकविण्याची असते. पत्र्याचे डबे महाग पडतात, शिवाय रिकामे डबे भरलेल्या डब्यांइतकीच जागा अडवितात. याउलट शेकडो रिकाम्या पिशव्या एका लहान खोक्यात मावतात. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी ठेवून तीत गर भरण्याची पद्धत ग्रामसेवकांनी व बागायतदारांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचा उगम मात्र शेतमालात नाही. १९५५ साली अमेरिकेतील विल्यम शोल या रसायनतज्ज्ञाने बॅटरीचे आम्ल सुरक्षितपणे नेण्यासाठी ती काढली. पुढे १९६५ साली ऑस्ट्रेलियातील थॉमस अँगोव्ह यांनी द्राक्षाच्या मद्यासाठी अशा पिशवीचे पेटंट घेतले. त्या पिशवीला तोटीही नव्हती. कोपरा कापून घ्यावा व पुन्हा चिमट्याने बंद करावा, अशी तिची रीत होती.

पिशवी दिसावयास साधी असली तरी ती अनेक पदरांची असते. आतला पदर पॉलिथिनचा असून तो गराला लागतो. बाहेरच्या पदरात प्राणवायूला अडविणारा थर असतो. गराचा पिवळा रंग काळवंडतो तो मुख्यतः प्राणवायूमुळे, म्हणून या थरावर पैसे वाचविणे हे बहुधा तोट्याचे ठरते. पिशवीला एक कडक तोंड बसविलेले असते व त्यावर घट्ट बूच असते. पिशवी कारखान्यातून येते तीच बूच लावून, आत हवा नसलेली अशी. पुठ्ठ्याचे खोके केवळ आधारासाठी असते. द्रव धरून ठेवण्याचे काम पिशवीचेच.

आता यंत्राचे काम पाहू. कामगार पिशवीचे तोंड यंत्राच्या खाचेत अडकवितो. यंत्राचा चिमटा बूच वर उचलून बाजूस धरतो व भरणीची नळी पिशवीच्या तोंडावर घट्ट बसते. पिशवीत चुकून राहिलेली हवा पंपाने ओढून घेतली जाते. मग झडप उघडते व गर आत येऊ लागतो. वाटेत बसविलेला प्रवाहमापक किती गर गेला हे मोजतो. ठरलेले माप जवळ येताच प्रवाह मंद होतो व माप पुरे होताच झडप मिटते. नळी वर जाते, बूच पुन्हा दाबून बसविले जाते आणि भरलेली पिशवी खोक्यात उतरते. लहान यंत्रात पिशवी अडकविणे व काढणे हाताने होते. मोठ्या यंत्रात पिशव्यांची अखंड पट्टीच आपोआप पुढे सरकते.

या सर्वांत नाजूक क्षण बूच निघाल्यापासून पुन्हा बसेपर्यंतचा होय. त्या अवधीत शिरलेला एखादा यीस्टचा कणही पुढे सगळी पिशवी फुगवू शकतो. हा धोका टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गरम भरणीचा. गर ८५ ते ९० अंश सेल्सिअसला भरावा, बूच लावताच पिशवी दोन-तीन मिनिटे उलटी ठेवावी, म्हणजे गरम गर तोंडाला व बुचाला लागून तेही निर्जंतुक होते. त्यानंतर थंड पाण्याने पिशवी लवकर निववावी. गर फार वेळ गरम राहिला तर त्याला शिजल्याचा वास येतो. यासाठी उष्णता सोसणारी पिशवीच मागवावी, साधी चालत नाही. दुसऱ्या मार्गात गर नळ्यांतून आधी तापवून निर्जंतुक करतात, थंड करतात, आणि किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या पिशवीत, वाफेने शुद्ध केलेल्या कोठडीत भरतात. या गराचा रंग व स्वाद सरस राहतो. पण त्याला बॉयलर, थंड पाण्याची सोय व जाणकार माणूस लागतो. लहान संघाने पहिल्या मार्गानेच आरंभ करणे शहाणपणाचे.

गराचा सामू ४.५ च्या खाली असला पाहिजे, कारण त्याहून वर विषारी जंतू वाढण्याची भीती असते. फार गोड फळाच्या गरात लिंबूसत्त्व घालून सामू खाली आणावा लागतो.

मापाकडे दुर्लक्ष झाल्यास नुकसान नकळत होते. गर पाण्याहून जड असतो. त्याची घनता १.०६ च्या आसपास असते. म्हणजे १० लिटर गर सुमारे १०.६ किलो भरतो. व्यापाऱ्याशी १० किलोचा सौदा करून यंत्र १० लिटरवर लावले, तर दर पिशवीमागे ६०० ग्रॅम गर फुकट जातो. एक टन आंब्यापासून निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ५०० किलो गर निघतो, असे धरल्यास ४७ पिशव्यांमागे २८ किलो गेले. उलट, घुसळताना गरात हवेचे बुडबुडे राहिले असतील तर प्रवाहमापक हवाही मोजतो व पिशवी हलकी भरते. यासाठी दर तासाला काही पिशव्या काट्यावर ठेवून पाहाव्यात.

तोंडावर गराचा थेंब राहिला की बूच नीट बसत नाही. म्हणून नळीतून गळती आहे का, हे रोज पाहावे. झडपेच्या रबरी चकत्या झिजतात, त्या हंगामापूर्वीच बदलून घ्याव्यात. काम संपताच यंत्र पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने व पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. खोक्यात पिशवी सैल राहिल्यास गाडीच्या हादऱ्यांनी ती घडीवर झिजून बारीक छिद्रे पडतात. गोदामात उंदरांचा बंदोबस्त हवाच.

भरलेल्या पिशव्यांची पहिले दोन आठवडे रोज पाहणी करावी. जी पिशवी फुगलेली दिसेल ती चाखून न पाहता बाजूस काढावी आणि त्याच वेळी भरलेल्या इतर पिशव्याही तपासाव्यात.