सहाव्या घरातली अदलाबदल

चाळीतल्या खोल्यांना जसे क्रमांक असतात, तसे प्युरिन या रेणूतल्या अणूंनाही असतात. एक षटकोन आणि एक पंचकोन एका बाजूने जोडले की प्युरिनचा सांगाडा तयार होतो. त्यात घरे नऊ. १, ३, ७ आणि ९ या घरांत नायट्रोजन, उरलेल्या पाचांत कार्बन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८८४ मध्ये हे नाव सुचवले.

आता सहाव्या घराला अमिनो गट जोडा. ‘६-अमिनोप्युरिन’, म्हणजेच आपल्या डीएनएमधले अ‍ॅडेनिन मिळते. तोच गट दुसऱ्या घरी हलवला की ‘२-अमिनोप्युरिन’. अणू तेवढेच, पण हा पाहुणा डीएनएत शिरला, तर कधी थायमिनशी आणि कधी सायटोसिनशी जोडी जमवतो. मग जनुकांच्या मजकुरात चुका होतात. दोन, सहा आणि आठ या घरांना ऑक्सिजन जोडला की होते यूरिक आम्ल. ते वाढले की सांधे धरतात.

अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी सहाव्या घराला गंधक जोडून ‘६-मर्कॅप्टोप्युरिन’ बनवले. वाढत्या पेशी त्याला नेहमीचे प्युरिन समजून आत घेतात आणि त्यांची डीएनएची बांधणी अडते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांसाठी १९५३ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीला त्याने थोड्या महिन्यांचीच उसंत मिळे. पुढे इतर औषधांच्या जोडीने अनेक मुले पूर्ण बरी होऊ लागली. १९८८ चे नोबेल या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले.