माणसाचे प्रथिन, माणसाविना

ऑक्टोबर 1982 च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जिवाणूंकडून घडवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला परवानगी दिली. त्यानंतर पंधरवड्याच्या आसपास, 15 नोव्हेंबरला, पवनारच्या आश्रमात विनोबा भावे गेले. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये जन्मलेला हा माणूस तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल 1979 मध्ये, गोहत्याबंदीसाठी उपोषणाला बसला होता. या दोन बातम्यांची सांगड तेव्हा कुणी घातली असेल असे वाटत नाही. मला मात्र तो मोह आवरत नाही. कारण तोवर मधुमेह्यांचे इन्सुलिन येई ते कत्तलखान्यातून, गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून. पाव किलोभर शुद्ध इन्सुलिन काढायला डुकरांचे दोन टन अवयव लागत.

जनावराचे इन्सुलिन माणसाला चालते, हेच आधी नवल. इन्सुलिन म्हणजे 51 अमिनो आम्ले. 21 ची एक साखळी, 30 ची दुसरी. या 51 पैकी डुकराचे एकच आम्ल आपल्याहून वेगळे, गाईची तीन. बाकी सारे जसेच्या तसे!

खरी गंमत पुढे आहे. 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीने आणि सिटी ऑफ होप या संस्थेतल्या आर्थर रिग्ज, केइची इटाकुरा यांनी मानवी इन्सुलिन ई. कोलाय जिवाणूकडून करवून घेतले. त्यासाठी त्यांनी कुणा माणसाच्या शरीरातून जनुक काढले नाही. डीएनएची अक्षरे बाटल्यांतल्या रसायनांपासून जोडत जनुक प्रयोगशाळेतच रचले. म्हणजे प्रथिन शंभर टक्के मानवी, पण ते ज्याच्यापासून घेतले असा माणूसच नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूच्या भाऊबंदांनी ते जनुक बिनतक्रार वाचले, कारण डीएनएच्या तीन अक्षरांमागे कोणते अमिनो आम्ल जोडायचे हा नियम जिवाणूला आणि आपल्याला एकच. पेणच्या कारखान्यातला साचा दुसऱ्या गावी नेऊन तिथली माती भरली, तरी गणपती तोच निघतो, तसे.

इतक्यावर भागत नाही. एवढीशी साखळी जिवाणू लगेच तोडून खातो. म्हणून ती त्याच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडली आणि सांध्यावर मेथिओनिन हे आम्ल ठेवले. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन नेमके मेथिओनिनपाशी साखळी कापते. आणि मानवी इन्सुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही! सांधा तुटला, इन्सुलिनच्या साखळीला धक्का लागला नाही. दोन साखळ्या अशा वेगवेगळ्या काढून शेवटी एकत्र जुळवल्या. आपल्याकडे हे इन्सुलिन घडवले वोक्हार्ट कंपनीने. 2003 मध्ये बाजारात आलेले त्यांचे वोसुलिन औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जिवाणूऐवजी यीस्टकडून करून घेतलेले होते.

हे झाले औषधाचे. अशीच रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जिवात जनुक घालून करवून घेतलेली मानवी प्रथिने, इन्सुलिनसुद्धा, ‘केवळ संशोधनासाठी’ अशा चिठ्ठीच्या कुप्यांतूनही विकली जातात. कुपीत कधी दहा मायक्रोग्रॅम पावडर, म्हणजे डोळ्यांना जवळपास रिकामीच. संशोधक ती काचपात्रात वाढणाऱ्या पेशींना देतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचा मोठा साठा आहे आणि तिथून त्या देशभरच्या प्रयोगशाळांना जातात. या पेशींचा रोजचा खुराक काय? शंभर मिलिलिटर पोषक द्रवात साधारण दहा मिलिलिटर वासराचे सीरम. तेही जन्मलेल्या वासराचे नव्हे. कत्तल झालेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचे. विनोबांना हे कुणी सांगितले असते, तर उपोषणाची यादी वाढली असती की काय, कोण जाणे.

त्या सीरमची जागा आता थोडीथोडी ही प्रथिने घेत आहेत. पेशीने साखर आत घ्यावी, वाढावी म्हणून इन्सुलिन. लोह वाहून आणायला ट्रान्सफेरिन. काही पेशींना अशा मोजक्या गोष्टींवर भागवता येते, हट्टी पेशींना नाही. सीरममध्ये शेकडो पदार्थ असतात आणि पेशीला त्यातला कोणता हवा हे एकेक करून शोधावे लागते. शिवाय एक विसंगती आहेच. इतके थोडे प्रथिन कुपीच्या भिंतीला चिकटून वाया जाईल म्हणून त्यात पुष्कळदा अल्ब्युमिन मिसळतात, आणि ते असते गाईच्या रक्तातले. जिवाणूने घडवलेल्या मानवी प्रथिनाच्या कुपीत वजनाने जास्त भरते ते गाईचेच प्रथिन.

त्यावरही तोड निघाली आहे, आणि ती भातखाऊ कोकणाला आवडावी अशी. 2011 मध्ये चीनमधल्या वुहान विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी अल्ब्युमिनचे जनुक भाताच्या रोपात घातले. दाणे भरले तेव्हा त्यांत माणसाच्या रक्तातले प्रथिन साठलेले होते. किलोभर असडी तांदळातून पावणेतीन ग्रॅम.