होनाजीची भूपाळी आणि चौफुल्याची बैठक

‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी पहाटेच्या पूजेत म्हटली जाते. ती रचणारा होनाजी शिलारखाने मात्र तमाशाच्या फडातला शाहीर होता. घराणे गवळ्याचे, व्यवसाय दुधाचा; या भूपाळीतले धार काढण्याचे आणि गाईंच्या हंबरण्याचे वर्णन इतके नेमके का, हे त्यावरून उमजते. होनाजी लिही आणि बाळा कारंजकर गाई, म्हणून फडाचे नाव ‘होनाजी बाळा’.

दुसऱ्या बाजीरावाचा या जोडीला आश्रय होता. होनाजीने लावणी रागदारीत बांधली आणि ढोलकीच्या जागी तबला आणला, असे मानले जाते. लावणी फडातून उठून दिवाणखान्यात बसली, ती इथे. बैठकीच्या लावणीत नाच मागे पडतो; बसल्या जागी नजरेने आणि हाताने अदा करायची, एकच ओळ वेगवेगळ्या भावांनी फिरवायची. ठुमरीशी तिचे नाते जवळचे आहे.

हा आश्रय फार टिकला नाही. 1 जानेवारी 1818 रोजी आजच्या शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा येथे लढाई झाली, जूनमध्ये बाजीराव इंग्रजांना शरण गेला आणि त्याची रवानगी बिठूरला झाली. होनाजी 1844 पर्यंत जगला. त्याचा अंत मारेकऱ्यांच्या हातून झाला.

भूपाळी घरोघर नव्याने पोहोचली ती 1951 साली, व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटामुळे. संगीत वसंत देसाई यांचे, स्वर लता मंगेशकर आणि होनाजीची भूमिका करणारे पंडितराव नगरकर यांचे. पुढच्या वर्षी हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. भूपाळी पहाटेची असली, तरी तिच्या नावाशी जुळणारा भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर घेऊन सकाळी गातात तो देशकार. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत.

बैठकीची लावणी ऐकायची, तर दौंड तालुक्यातले चौफुला गाठावे. पुणे-सोलापूर महामार्गाला शिरूर-न्हावरेकडचा रस्ता इथेच मिळतो. इथल्या कला केंद्रांत संगीत बारीच्या पार्ट्या असतात. पेटी, तबला, ढोलकीच्या साथीवर बाया स्वतः गातात आणि फर्माईश झाली, तर जुनी बैठकीची लावणीही निघते. मात्र फर्माईश बहुधा चित्रपटगीतांचीच होते. जाणत्या रसिकांनी तिथे जाऊन जुनी चीज मागावी.